मी पहिला फोन चोरालाच केला

जुलैचा शेवटचा आठवडा. रिटर्न भरून देणाऱ्यांच्या घरी या दिवसांत काय धांदल असते ते ज्याचं त्याला ठाऊक. मी साताऱ्यात घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांचे इन्कम टॅक्सचे आणि जीएसटीचे रिटर्न भरते. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर सात वर्षांपूर्वी दुकानातून जुळवून घेतलेला कॉम्प्युटर आणि शेजारी फायलींची चळत, एवढंच माझं ऑफिस.

त्या दुपारी एका क्लायंटच्या बँक स्टेटमेंटच्या सहा पीडीएफ एकत्र जोडायच्या होत्या. गुगलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलं त्यावर क्लिक केलं. वर आलेलं ते जाहिरातीचं होतं, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी तेव्हा पाहिलं नाही. एक फाइल उतरली, ती चालवली, पीडीएफ काही जोडल्या गेल्या नाहीत. दहाएक मिनिटांनी अख्खा स्क्रीन निळा झाला, मध्ये लाल चौकट आली आणि स्पीकरमधून भोंग्यासारखा आवाज सुरू झाला. एक बाई इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होती की कॉम्प्युटरमध्ये स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणारं सॉफ्टवेअर, शिरलं आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, मशीन बंद करू नका. खाली मायक्रोसॉफ्टचं चिन्ह आणि एक फोन नंबर. माऊस हलवला तरी काही होईना, कोपऱ्यातली फुलीसुद्धा गायब.

त्या कॉम्प्युटरवर तेवीस जणांचे पॅन, आधारच्या प्रती, पासबुकं होती. माझे हात कापायला लागले. मी तो नंबर फिरवला.

आता कळलेली गोष्ट आधी सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कुणी आत्ता अशा स्क्रीनसमोर बसलं असेल तर पुढचं वाचायची वाट पाहायला नको. ते नुसतं ब्राउझरमध्ये उघडलेलं एक पान असतं, पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं. एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीतर एफ ११ दाबा, फुली परत दिसते. तेही जमलं नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर तिथून बंद करा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारेल, त्याला नाही म्हणा. काहीच सुचलं नाही तर सरळ मशीन बंद करा, काही जळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यावर फोन नंबर कधीच नसतो. ही एक ओळ मला त्या दुपारी माहीत असती तर हा सगळा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

फोनवरचा माणूस हिंदीत बोलत होता, फार अदबीनं. “मॅडम, घबराइए मत, आप सही जगह आई हैं।” त्यानं मला विंडोजच्या चिन्हाचं बटण आणि आर एकत्र दाबायला लावलं, एक शब्द टाइप करायला सांगितला. इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडली. त्यात लाल गोळे, पिवळे त्रिकोण, खाली खाली जावं तेवढे. “किती आहेत मोजा मॅडम.” मी खरंच मोजायला लागले, चाळीसपर्यंत मोजले. तो म्हणाला, हे सगळे व्हायरस. नंतर भाच्यानं त्याच्या कोऱ्या लॅपटॉपवर मला तीच खिडकी उघडून दाखवली, तिथेही तसेच लाल-पिवळे. विंडोज स्वतःच्या बारीकसारीक अडचणींची जी नोंदवही ठेवतं ती ही. प्रिंटर वेळेत जागा झाला नाही, एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, असल्या नोंदी. त्यात व्हायरसचा काही संबंध नसतो.

मग त्यानं एक सॉफ्टवेअर उतरवायला लावलं, ज्यानं दुसऱ्या गावाहून कॉम्प्युटरचा ताबा घेता येतो. नऊ आकडी नंबर मी त्याला वाचून दाखवला, ‘परवानगी द्या’वर मीच क्लिक केलं. माऊसचा बाण आपोआप हलायला लागला. त्यानं काळी खिडकी उघडली, त्यात झरझर अक्षरं धावली आणि शेवटी इंग्रजीत उमटलं की हॅकर जोडलेला आहे. ते शब्द त्यानं स्वतः टाइप केले होते. अक्षरं एकेक करून उमटताना मी पाहिलीसुद्धा, पण भीतीत माणसाला दिसतं ते कळत नाही.

तीन वर्षांची सुरक्षा ८,९९९ रुपये. मी डेबिट कार्डावरून भरले. सोळा आकडे, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत टाइप केलं, कारण स्क्रीन त्यालाही दिसतच होता. त्यानं ‘सफाईचं’ सॉफ्टवेअर घातलं, हिरवी बरोबरची खूण आली आणि जाताना तो म्हणाला, “मॅडम, पूर्ण स्कॅनला वेळ लागतो, तीन-चार रात्री मशीन चालूच ठेवा.”

मी ठेवलं.

चौथ्या रात्री दोन चाळीसला खात्यातून २४,९९९ गेले, दोन चव्वेचाळीसला १९,९९९. माझ्या बँकेचा ओटीपी मोबाइलबरोबर ईमेलवरही येतो, आणि माझं जीमेल त्या ब्राउझरमध्ये कायम उघडं असतं. मी झोपले होते. त्यांनी हॉलमधल्या चालू कॉम्प्युटरवर बसल्यासारखं बसून माझ्या मेलमधून ओटीपी वाचला आणि मेल कचऱ्यात टाकला. ज्याला मी औषध समजून पैसे देऊन घरात घेतलं, तेच स्पायवेअर होतं. त्याआधी माझ्या मशीनवर व्हायरस होता की नव्हता, हेसुद्धा आता सांगता येणार नाही.

पहाटे सहाला मेसेज पाहिले आणि जे करायला नको होतं तेच केलं. माझ्या डोक्यात ‘कॉम्प्युटरचा जाणकार’ म्हणून एकच माणूस होता, मी त्यालाच फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, हे चाचणीचे व्यवहार आहेत, चोवीस तासांत पैसे परत येतील, बँकेला कळवलंत तर प्रक्रिया अडकेल. मी चोवीस तास थांबले. घरात कुणाला सांगितलं नाही. मिस्टरांना वाटलं मला रिटर्नच्या कामाचा ताण आलाय, त्यांनी चहा करून दिला, आणि मी तो चहा पिऊनही गप्प राहिले. तेवढा एक दिवस माझ्या मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या मुलाला फोन केला. तो कराडला कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. त्याचं पहिलं वाक्य, “आत्या, आधी नेटची वायर काढ, मग बोल.” वायर काढली. दुसरा फोन बँकेला, कार्ड बंद. तिसरा १९३० ला. हा नंबर सायबर फसवणुकीसाठी देशभर एकच आहे, आणि तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते. तिथल्या बाईंनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम विचारली, तक्रारीचा क्रमांक मेसेजनं आला. या नंबरचं काम असं चालतं की पैसे ज्या ज्या खात्यात पुढे सरकत जातात तिथे ते गोठवायची सूचना जाते. म्हणून तासाला किंमत असते. माझे १९,९९९ अडकून सापडले, ते मिळायला पुढे चार महिने आणि बऱ्याच फेऱ्या लागल्या. २४,९९९ तोवर निघून गेले होते. ८,९९९ तर मी स्वतःच दिलेले.

बँकेत रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक माझ्यासमोर ठेवलं. बँकेची चूक नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी घोळ केला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार येत नाही. पण ग्राहकानं स्वतः माहिती हाती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. माझं प्रकरण दुसऱ्या खणात बसवलं गेलं. मला ते पटलेलं नाही, मी लेखी तक्रार केली आहे, पण नियम असा आहे हे सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

भाचा दुपारी आला आणि संध्याकाळपर्यंत बसला. त्यानं मला शेजारी बसवून एकेक दाखवलं, ते मी वहीत लिहून घेतलं. ताबा घेणारं सॉफ्टवेअर मी काढून टाकलं होतं असं मला वाटत होतं, पण ते सेवा म्हणून नोंदलेलं होतं. मशीन सुरू झालं की तेही सुरू, परवानगी विचारायचीसुद्धा गरज नाही. ब्राउझरमध्ये मी कधी न घेतलेलं एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर. आणि मग विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये, म्हणजे डिफेंडरमध्ये, ‘वगळलेल्या जागा’ अशी एक यादी असते, ती त्यानं उघडली. तिथे एकच ओळ होती, सी ड्राइव्ह. अख्खा. पहारेकऱ्याला ड्युटीवर ठेवायचं आणि घराकडे बघू नकोस म्हणून सांगायचं, तसलं ते. माझी हिरवी खूण रोज दिसत होती ती याच्यावर. तुमच्या मशीनवर ही यादी एकदा उघडून पाहा, विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी आहे. बहुतेक घरच्या कॉम्प्युटरवर ती रिकामी असायला हवी.

ती ओळ त्या माणसानं घातली की आधीपासून होती, हेही ठरवता आलं नाही. कारण सात वर्षांपूर्वी दुकानदारानं विंडोज ‘फुकट’ घालून दिलं होतं, ते क्रॅक केलेलं, म्हणजे परवाना न घेता कुलूप तोडून घातलेलं, निघालं. अशा क्रॅकवाल्या फाइली चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगतात, आणि तो बंद झाला की त्या फाइलबरोबर काय आत आलं हे कुणी बघत नाही.

डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन त्यानं केला. यात मशीन परत सुरू होऊन विंडोज उभं राहण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेली गोष्टही सापडू शकते. दोन गोष्टी सापडल्या. मी म्हटलं, झालं मग. तो म्हणाला, “आत्या, अनोळखी माणूस चार रात्री घरात राहून गेलाय. सापडलं ते सापडलं, न सापडलेल्याचं काय?” म्हणून कागदपत्रं, एक्सेल आणि फोटो तेवढे बाहेरच्या ड्राइव्हवर घेतले, एकही सॉफ्टवेअर किंवा चालवायची फाइल घेतली नाही. त्याच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह तयार करून डिस्क पूर्ण पुसली आणि विकत घेतलेलं विंडोज ११ घातलं. मशीन जुनं आहे, पण सुदैवानं त्यात बसलं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले आहेत, तेव्हा ज्यांचं अजून त्यावरच चाललंय त्यांनी याचा विचार करावा.

पासवर्ड सगळे बदलले, पण त्या कॉम्प्युटरवरून नाही, मोबाइलवरून, आणि सगळ्यात आधी ईमेलचा. ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात बाकी सगळं. जीमेलमध्ये एक फिल्टर बसवलेला सापडला. बँकेच्या नावाचा मेल आला की तो परस्पर कचऱ्यात. नुसता पासवर्ड बदलून तो गेला नसता, हातानं काढावा लागला. सगळीकडून लॉगआउट केलं, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. आता रोजचं काम मी साध्या खात्यातून करते, ज्याला सॉफ्टवेअर घालायचा अधिकारच नाही. काही घालायचं झालं की पासवर्ड मागतं, आणि तेवढ्या वेळात मला विचार सुचतो. हिशेबाची प्रत शनिवारी बाहेरच्या ड्राइव्हवर घेते आणि ड्राइव्ह काढून कपाटात ठेवते. रात्री मशीन बंद. अँटिव्हायरस विकत घेतलेला नाही, डिफेंडर नीट चालू आहे तेवढं मला पुरतं. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून सफाईची साधनं फुकट देतं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. ८,९९९ रुपये कशाचे दिले मी?

कठीण काम पुढचं होतं. क्लायंटांचे इन्कम टॅक्स पोर्टलचे पासवर्ड मी एका एक्सेलमध्ये ठेवले होते, फाइलचं नाव ‘पासवर्ड २’. ती उघडली गेली का, कळायला मार्ग नाही. भाचा म्हणाला, धरून चाल की गेली. दोन दिवस बसून मी तेवीस जणांना एकेक करून फोन केला. काय झालं ते सांगितलं, पोर्टलचा पासवर्ड बदलून घेतला, आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला लावलं. किराणावाले अण्णा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “ताई, मलापण मे महिन्यात असाच फोन आला होता. पोरांना अजून सांगितलं नाही.” बारा हजार गेले होते त्यांचे. दोघांनी फायली परत नेल्या. त्यांचा राग मला समजतो, मी त्यांना थांबवलं नाही.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथून अमेरिकेतल्या लोकांना टॅक्सचा धाक घालून लुबाडत होते, ती बातमी मी तेव्हा पेपरात वाचली होती. असले धंदे परदेशी माणसांवर चालतात, असं मी इतकी वर्षं मनात धरून होते.

मागच्या मंगळवारी पुन्हा फोन आला. आवाज दुसरा, अदब तीच. कंपनी बंद होतेय, तुमचे ८,९९९ परत करायचे आहेत, कॉम्प्युटर चालू करता का? त्याला माझं नाव, गाव, रक्कम सगळं माहीत होतं. मी काही न बोलता फोन ठेवला, नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’वर, म्हणजे संशयित फोनची तक्रार करायच्या सोयीवर, नोंदवला आणि लगेच अण्णांना फोन केला. त्यांना सकाळीच येऊन गेला होता. यावेळी त्यांनी आधी मुलाला हाक मारली होती.