५२ सीसी टू-स्ट्रोक ग्रास कटर: कोकणातल्या बागेत एक हंगाम वापरल्यानंतर

साइड पॅक (पट्ट्याने खांद्याला अडकवून बाजूला धरायचं), ५२ सीसी, टू-स्ट्रोक, सायकलसारखं हँडल. सोबत तीन दात्यांचं पातं, नायलॉन दोऱ्याची डबी आणि मिक्सिंगची बाटली. या वर्णनाची मशीनं बाजारात ढीगभर नावांनी मिळतात, पण आतलं इंजिन बहुतेकांत एकच: ४४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ३४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), हिशेबाने ५१.७ सीसी. म्हणून हे एका कंपनीबद्दल न समजता या जातीच्या मशीनबद्दल समजावं. जागा जांभ्या कातळाची, उताराची, आंबा-काजूची. काम तीन प्रकारचं: श्रावण-भाद्रपदातलं कंबरभर ओलं गवत, दिवाळीच्या आगेमागे कडक झालेलं रान आणि रानमोडी, आणि काजू पडायला लागायच्या आधीची झाडाखालची बेणणी.

मत आधीच सांगून टाकतो: मशीन पैसे वसूल करतं. ‘सुरूच होत नाही’ ही जी सगळीकडे ऐकू येणारी तक्रार आहे, तिचं मूळ बहुतेक वेळा पेट्रोलच्या डब्यात सापडतं. त्यामुळे इथे पात्यापेक्षा पेट्रोलवर जास्त लिहिलंय.

टू-स्ट्रोकला ऑइलची वेगळी जागा नसते. क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला जे वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबर येईल तेवढंच. नुसतं पेट्रोल घातलं तरी मशीन सुरू होतं, सुरुवातीला झकास चालतं, आणि थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरला धरतो. मग दोरी जागची हलत नाही. या मशीनच्या पुस्तिकेत सहसा २५:१ असं प्रमाण असतं, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचं, ऑइल. काही कंपन्या चांगल्या ऑइलवर, म्हणजे बाटलीवर जासो एफडी अशी खूण असलेल्या, आपल्या मशीनला ५०:१ चालेल म्हणतात. ते त्यांच्या मशीनपुरतं. तुमच्या पुस्तिकेत २५ असेल तर २५च धरा. मापाला खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं टोपण उत्तम, लिटरला चार. अंदाजाने धार सोडली आणि ऑइल जास्त पडलं की पांढरा धूर, ओला काळा प्लग आणि सायलेन्सरच्या तोंडाशी डांबरासारखा थर. मोटरसायकलचं फोर-स्ट्रोक ऑइल इथे अजिबात नको. ते जळून जाण्यासाठी बनवलेलं नसतं, आत राख धरतं.

मिश्रण मशीनच्या टाकीत करू नये. वेगळ्या डब्यात अर्धं पेट्रोल, मग सगळं ऑइल, नीट हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. टू-टी ऑइलला निळा, हिरवा किंवा लाल रंग असतो तो फुकटचा नाही. टाकीत डोकावल्यावर पेट्रोलला तो रंग दिसला नाही तर दोरीला हात लावू नका.

आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणातल्या जुलैत अर्धवट भरलेला, झाकण सैल असलेला डबा पडवीत ठेवला तर पाणी पुरेसं झाल्यावर इथेनॉल त्या पाण्याबरोबर पेट्रोलपासून सुटतं आणि तळाशी बसतं. टाकीतला फिल्टर वजनदार असतो, तोही तळाशीच. म्हणजे इंजिन नेमका तोच खालचा थर पितं, ज्यात ऑइल मिसळलेलं राहत नाही. शंका आली तर मिश्रण काचेच्या बाटलीत ओतून पाच मिनिटं उजेडात धरा. मध्ये आडवी रेघ दिसली, खाली वेगळा थर दिसला, तर ते पेट्रोल मशीनच्या कामाचं राहिलं नाही. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच मिश्रण करावं आणि डबा गळ्यापासून थोडाच रिकामा ठेवून घट्ट लावावा. इथेनॉलचा दुसरा त्रास म्हणजे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या पारदर्शक नळ्या. त्या हळूहळू पिवळ्या, कडक होतात आणि टोकाशी चिरतात. चिरेतून हवा शिरली की मशीन चोकवर, म्हणजे कार्बोरेटरची हवेची झडप मिटलेली असताना, चालतं आणि चोक उघडला की मरतं. नळी आणि फिल्टरचा जोड हंगामाला एकदा बदलणं हा या मशीनवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च आहे.

थंड मशीन सुरू करताना ते सपाट जमिनीवर ठेवा, पातं कशालाही टेकलेलं नको. स्विच चालूवर. कार्बोरेटरखालचा रबरी फुगा पाच-सात वेळा दाबा. परतीच्या नळीतून पेट्रोल टाकीकडे जाताना दिसलं की पुरे. चोक बंद करा. डावा हात इंजिनच्या कव्हरवर दाबून धरा. दांड्यावर पाय किंवा गुडघा ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते, त्याने दांड्याची नळी वाकते आणि आतली शाफ्ट घासायला लागते. उजव्या हाताने दोरी आधी सावकाश ओढा, अडल्यासारखं लागेल तिथपर्यंत. तिथून एक झटका, सरळ रेषेत, हातभर. पूर्ण टोकापर्यंत ओढलीत तर गाठ पुलीतून सुटते, आणि ओढून सोडून दिलीत तर आतल्या स्प्रिंगचं आयुष्य संपतं. दोरी हातात धरूनच परत जाऊ द्यायची.

तिसऱ्या-चौथ्या झटक्याला एक ‘फट्’ असा आवाज येतो आणि मशीन थांबतं. हा आवाज महत्त्वाचा. तो आला की चोक लगेच उघडायचा आणि पुढचे झटके उघड्या चोकवर मारायचे. मशीन बोललंय पण सुरू झालं नाही म्हणून बंद चोकवर ओढत राहिलं की आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतो, आणि मग खांदा निखळेपर्यंत ओढलं तरी उपयोग नाही. तसं झालंच तर १९ मिमीच्या पान्याने प्लग काढा, पुसून वाळवा, स्विच बंद, चोक उघडा, रेस पूर्ण दाबून दहा-बारा वेळा दोरी ओढा. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, तोंड लांब ठेवा. जरा वारा लागू द्या, प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी आहे हे बघा आणि पुन्हा बसवा. गरम मशीनला चोक नको. साध्या एक-दोन ओढीत ते यायला हवं. सुरू झाल्यावर मिनिट-दोन मिनिटं हलक्या रेसवर चालू द्या. या वेळी पातं थांबलेलं हवं. रेस न देता पातं फिरत असेल तर आयडलचा स्क्रू थोडा सोडवा. तरीही फिरलं तर क्लचची स्प्रिंग तुटली आहे, आणि ती बदलल्याशिवाय ते मशीन कुणाच्याही गळ्यात घालू नये.

चालता चालता बंद पडण्याचं एक फसवं कारण टाकीच्या झाकणात असतं. दहा-पंधरा मिनिटं उत्तम चालतं, मग दम लागल्यासारखं होऊन थांबतं. झाकण सैल केल्यावर ‘सुस्’ असा हवा आत जाण्याचा आवाज आला तर झाकणातलं हवेचं बारीक भोक मातीने बुजलंय. त्यासाठी कार्बोरेटर खोलणारे मेकॅनिक आहेत, सांगून ठेवतो. लोड आल्यावर रेस चढतच नसेल तर आधी फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, थेंबभर ऑइल चोळून बसवा. नोव्हेंबरच्या वाळक्या गवताचा भुसा एका दिवसात तो बुजवतो. फरक पडला नाही तर सायलेन्सरची जाळी बघा. आणि ठिणगीच नसेल, प्लग नवा घालूनही, तर कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर साधारण ०.३ मिमी हवं. दोन्हींच्या मध्ये व्हिजिटिंग कार्ड धरून कॉइलचे स्क्रू आवळले की ते जमतं.

पट्ट्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि संध्याकाळी कंबर धरते ती त्यामुळेच. मशीन आठेक किलोचं. हूक कमरेच्या हाडाच्या जरा खाली यावा आणि हात सोडल्यावर पातं जमिनीच्या थोडं वर तरंगत राहावं. नाही राहिलं तर दांड्यावरची कडी पुढे-मागे सरकवा. मशीनसोबत येणारा एका खांद्याचा पट्टा टाकून दोन खांद्यांचा, मांडीवर पॅड असलेला घ्या. त्याला ओढल्यावर झटकन सुटणारं बक्कल असतं. ते आग किंवा गांधीलमाश्या यांच्यासाठी आहे, आणि दुसरं कारण पहिल्यापेक्षा जास्त वेळा घडतं. बांधालगतच्या झुडपात पोळं असेल तर इंजिनच्या आवाजात ती घोंघावणारी धोक्याची सूचना ऐकूच येत नाही.

पातं उभं राहून वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. म्हणून कापायचं उजवीकडून डावीकडे, परत येताना रिकामं. कापलेलं गवत डावीकडे, साफ झालेल्या बाजूला पडतं. पात्यावर घड्याळाची तबकडी ठेवली आहे असं समजा, १२ समोर. ८ ते ११ हा कापायचा भाग. १२ ते ३ या भागाने बुंध्याला, दगडाला किंवा गडग्याला (दगडी कुंपणाला) स्पर्श केला की मशीन एका झटक्यात उजवीकडे आणि मागे फेकलं जातं. हात कितीही ताकदीचे असोत, तो झटका धरून ठेवता येत नाही. सायकल हँडल आणि पट्टा तेवढ्यासाठीच आहे. गडग्याजवळ, तारेच्या कुंपणाजवळ आणि ठिबकच्या नळ्यांवर लोखंडी पातं वापरूच नये, तिथे नायलॉन.

मोठा धोका उडणाऱ्या वस्तूंचा. कातळावरचा सुपारीएवढा जांभ्याचा खडा सहज दहा-पंधरा मीटर जातो, म्हणून १५ मीटरच्या आत कुणी नको, मजूरही नको, गुरंही नकोत. पुढच्या पट्ट्यातली तार, बाटल्या, काथ्या आधी चालत जाऊन उचला. गार्ड काढून काम करणं सर्रास दिसतं, कारण ओलं गवत त्यात अडकतं. त्यावर उपाय गार्ड काढणं हा नाही. ऊन पडून गवत जरा सुकल्यावर, दहानंतर सुरुवात करणं हा आहे. अडकलेलं गवत काढताना इंजिन बंद, आणि प्लगची टोपी काढलेली. नायलॉनच्या डबीत गाडीची क्लच वायर घालणारे महाभाग आहेत. तिचा तुटलेला तुकडा गोळीसारखा जातो आणि कुठे गेला ते लागल्यावरच कळतं.

जाळीचा मुखवटा एकटा पुरत नाही, बारीक कण आरपार येतात. आत चष्मा हवाच. कानाशी आवाज ९५ डेसिबलच्या पुढे असतो, कानात बोंडं (इअरप्लग) किंवा वरून इअरमफ घाला. गमबूट गुडघ्यापर्यंतचे, फुरशासाठीही. अर्ध्या तासाने थांबा, बोटं बधिर होऊन पांढरी पडायला लागली तर त्या दिवशी तिथेच थांबवा. पेट्रोल भरायला मशीन दहा मिनिटं निवू द्या, आणि भरलेल्या जागेपासून तीन मीटर लांब नेऊन सुरू करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गरम सायलेन्सर वाळक्या गवतावर टेकवून पाणी प्यायला जाणं म्हणजे काजूच्या बागेला काडी लावणं.

कलमांबद्दल वेगळं सांगायला हवं. दोन-तीन वर्षांच्या रोपाची साल नायलॉन दोरा क्षणात सोलतो. सभोवार साल गेली तर रोप महिना-दोन महिन्यांनी वाळतं आणि दोष वाळवीवर जातो. बुंध्याभोवती हातभर जागा विळ्यानेच काढा.

पात्यांत तीन दात्यांचं गवताला पुरतं. एक बाजू बोथट झाली की उलटवून लावता येतं. रानमोडी आणि घाणेरीच्या बोटभर जाड खोडांना ८० दात्यांचं कार्बाइड टोकांचं चांगलं, पण कातळावर त्याची टोकं उडतात, म्हणून आमच्या जमिनीत ते फक्त भरड्याच्या मातीत. पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो: घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. गिअरबॉक्सच्या भोकात अ‍ॅलन की घालून शाफ्ट अडवा आणि मगच पाना लावा. धार सगळ्या दात्यांना सारखी द्या, नाहीतर कंपन वाढून हँडलचे बोल्ट सैल होतात. तडा गेलेलं पातं वेल्डिंग करू नये, फेकून द्यावं. नायलॉन दोरा डबीत गुंडाळण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला तर कमी तुटतो. गिअरबॉक्सचा बाजूचा बोल्ट काढून दर २५ तासांनी लिथियम ग्रीस भरा, दोन-तृतीयांश; गच्च भरलं तर तापून सीलमधून बाहेर येतं.

फोर-स्ट्रोक घ्यावं का, हा प्रश्न येतोच. होंडाचं जीएक्स-३५ हे ३५.८ सीसीचं इंजिन साध्या पेट्रोलवर चालतं, आवाज-धूर कमी, पेट्रोलही कमी लागतं. मात्र आत ऑइल अवघं १०० मिली, ते पहिल्या १० तासांनी आणि पुढे दर ५० तासांनी बदलायचं. मशीन गड्यांच्या हाती जाणार असेल आणि मिश्रणाची खात्री नसेल तर फोर-स्ट्रोकच घ्या. कडक रानमोडीत मात्र ५२ सीसीचा जोर जाणवतो, तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल घेऊन का होईना.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करा, फुगा दाबून उरलेलं काढा, बंद पडेपर्यंत चालवा. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडून दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग लावा. मशीन टांगून ठेवा, उंदीर नळ्या कुरतडतात. घरात एक प्लग, दोन हात नळी, टाकीचा फिल्टर, दोरी आणि कार्बोरेटरचा पडद्यांचा सेट ठेवला तर पावसाळ्यात तालुक्याच्या दुकानी खेप घालावी लागत नाही.