खारपाणपट्ट्यात प्यायला काय: आरओची कॅन की छतावरचा पाऊस?

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअर आणखी खोल नेला की पाणी गोड लागेल ही आशा बहुतेक फोल ठरते. खारटपणा त्या गाळाच्या थरांतच मुरलेला आहे. उकळून तो जात नाही. पाणी आटतं तसे क्षार उलट वाढत जातात, आणि तुरटी फक्त गढूळपणा खाली बसवते. धरणाचं पाणी नळाला नेमाने येत असेल तर प्रश्नच नाही. पण नळ आठवड्याने येत असेल तर पिण्यापुरतं पाणी ठरवावंच लागतं, आणि समोर दोनच खरे पर्याय उरतात.

आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून गाळणारं यंत्र, क्षार नक्की काढतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. खाऱ्या बोअरचं पाणी या हद्दीत आणणं आरओला जमतं. पण त्यासाठी वीज लागते, पडदा वेळेवर बदलावा लागतो, आणि बरंचसं पाणी आणखी खारट होऊन नालीत जातं. ते मुरतं गावाच्याच जमिनीत. मला ही गोष्ट फार खटकते. शिवाय कॅनचे पैसे बाराही महिने मोजायचे, आणि सील नसलेली कॅन धुतली कशी याची खात्री कोणी देत नाही.

आता छत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ३० चौरस मीटरच्या टिनावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी १६,८०० लिटर हाती येतं. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरा. दिवाळीच्या आगेमागेपासून मृगापर्यंतच्या आठ महिन्यांना ६,००० लिटर पुरतं. म्हणजे छत कमी पडत नाही, टाकी कमी पडते. खर्च करायचा तो टाकीवर.

आणि इथेच चूक होते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जमिनीत बांधलेली टाकी तिच्यासोबत तडकते. म्हणून टाकी जमिनीवर, पक्क्या ओट्यावर घ्या, प्लॅस्टिकची असली तरी चालेल. उजेड आणि डास आत जाऊ नयेत. मृगाचे पहिले पाऊस वाहू द्या, मग वाळू, गिट्टी, कोळशाच्या गाळणीतून पाणी आत घ्या. फवारणीचा पंप किंवा औषधाचे डबे त्या छतावर कधीच ठेवू नका. पक्ष्यांची घाण छतावरून येतेच, त्यामुळे क्लोरीनचे थेंब किंवा उकळणं सुटत नाही. जंतूंसाठी उकळणं उपयोगाचं, क्षारांसाठी नाही.

स्वतःचं घर, टिनाचं किंवा स्लॅबचं छत आणि टाकीपुरती जागा असेल तर मी छतच निवडीन. यवतमाळ, चंद्रपुराकडच्या, जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांनाही हेच सांगीन, कारण पावसात फ्लोराइड नसल्यात जमा असतं.

भाड्याचं घर असेल किंवा छत कवेलूचं, गळकं असेल तर कॅन घ्या. मात्र पडदा कधी बदलला ते प्लांटवाल्या भाऊंना विचारा आणि विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर समोर लावायला सांगा.