बीएसएस१३८चं चार चॅनेलचं लेव्हल शिफ्टर मॉड्यूल: आयटूसीसाठी उत्तम, एसपीआयसाठी नको

चार बीएसएस१३८ मॉस्फेट (व्होल्टेजने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर) आणि प्रत्येक चॅनेलला दोन्ही बाजूंनी १० किलोओहमचे पुल-अप (लाइन वर ओढून धरणारे रेझिस्टर), एवढाच एका व्होल्टेजचा सिग्नल दुसऱ्याला नेणाऱ्या या मॉड्यूलचा ऐवज. ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला ३.३ व्होल्टचा आयटूसी (दोन तारांवर चालणारी डेटाची जोडणी) सेन्सर जोडायला याहून सोपं काही नाही.

रचना खरोखर देखणी आहे. मॉस्फेटच्या तीन टोकांपैकी गेट ३.३ व्होल्टला, सोर्स सेन्सरकडे, ड्रेन ५ व्होल्टकडे. सेन्सरने लाइन खाली ओढली की मॉस्फेट चालू होतो. ड्रेनकडून ओढली तर आधी मॉस्फेटच्या आतलाच बॉडी डायोड वाहतो, त्याने सोर्स खाली येतो आणि मग मॉस्फेट चालू होतो. म्हणूनच दिशा ठरवणारी पिन लागत नाही.

पण लाइन वर चढते ती निव्वळ पुल-अपच्या जोरावर, आणि सगळी मर्यादा इथेच आहे. लाइनवर १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला, तर १० किलोओहमवर आयटूसीच्या मोजणीने चढायला साधारण ८५० नॅनोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झला १००० चालतात. ४०० किलोहर्ट्झला फक्त ३००. दोन्ही बाजूंना ४.७ किलोओहम समांतर लावले की वेळ २७०च्या आसपास येतो. त्याहून लहान रेझिस्टर मात्र नको. खाली ओढणाऱ्या पिनला दोन्ही बाजूंचा करंट झेलावा लागतो, तो एवढ्यातच २.६ मिलीअँपिअर होतो आणि आयटूसीत हिशेब ३ मिलीअँपिअरचा असतो. सेन्सर बोर्डावरचे पुल-अपही यात धरा.

एसपीआय (आयटूसीहून वेगवान जोडणी) किंवा डब्ल्यूएस२८१२ (डेटावर रंग बदलणाऱ्या) एलईडीसाठी हे घेऊच नका. त्या एलईडीच्या डेटात शून्याची पल्स जेमतेम ०.४ मायक्रोसेकंदाची, ती पुरती चढायच्या आत संपते आणि रंग भलतेच दिसतात. तिथे ५ व्होल्टवर चालवलेली ७४एएचसीटी१२५ ही बफर चिप लावा. २ व्होल्टच्या वरचं सगळं ती हाय धरते, त्यामुळे ३.३चा सिग्नल बिनतक्रार पोचतो. एनेबल पिन ग्राउंडला जोडायला विसरू नका. उलट दिशेला, ५ वरून ३.३ला उतरायचं तर ३.३वर चालणारी ७४एलव्हीसी२४५. तिच्या इनपुटला ५ व्होल्ट सोसतात.

१.८ व्होल्टच्या चिपसाठीही हे मॉड्यूल भरवशाचं नाही. बीएसएस१३८चा थ्रेशोल्ड (चालू व्हायला लागणारं गेटचं व्होल्टेज) १.५ व्होल्टपर्यंत असू शकतो, मग मॉस्फेट अर्धवटच उघडतो.

आयटूसीची बस (सामायिक लाइन) अधूनमधून अडकत असेल तर ५ व्होल्टचा पुरवठा आधी मोजा. तो बंद असला की बॉडी डायोडमधून ३.३ची लाइनही खाली खेचली जाते, आणि दोष मात्र सेन्सरचा वाटतो.