आठ महिने ४के डिस्क प्लेअर वापरल्यावर: मेनूतल्या एका खुणेने माझी सगळी मतं बिघडवली

प्लेअर परवा सर्व्हिस सेंटरमधून परत आला, तिसऱ्यांदा. जोडला आणि डिस्क घालायच्या आधी थेट सेटिंग्जमध्ये शिरले. नॉइज रिडक्शन (चित्रातली खरखर पुसून ते गुळगुळीत करणारी सोय) 'मध्यम'वर. पाठवताना मी ते बंद करून पाठवलं होतं. आठ महिन्यांत हे सहाव्यांदा झालं. फर्मवेअर (प्लेअरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झाला की, दुरुस्तीला जाऊन आला की, ये रे माझ्या मागल्या. एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला), आवाज, डिस्क किती पटकन सुरू होते याबद्दल भरपूर लिहून झालेलं आहे आणि त्यात माझी काही तक्रार नाही. मला या एकाच खुणेबद्दल लिहायचंय, कारण तिच्यापायी मी पहिले दोन महिने चांगल्या डिस्कना नावं ठेवत होते.

मी वही ठेवते. प्रत्येक डिस्कला चित्राचे दहापैकी गुण आणि दोन ओळी. एकच सिनेमा आधी डीव्हीडीवर, मग ब्लू-रेवर आणि आता ४केवर असा तीन-तीनदा विकत घ्यायचा म्हणजे आधी खात्री हवी, म्हणून ही सवय. पहिल्या महिन्यातली एक नोंद अशी आहे: 'चेहरे मेणाचे. रिस्टोरेशन करताना सगळं पुसून टाकलंय. ४.' त्याच डिस्कपुढे आज ९ आहेत. डिस्क तीच, टीव्ही तोच.

झालं असं की त्या जुन्या कृष्णधवल सिनेमात एका म्हाताऱ्याचा क्लोजअप आहे. खिडकीतून एका बाजूने उजेड येतोय, अंगात जाड लोकरीचा कोट. तो स्थिर असला की कोटाची वीण दिसायची आणि त्याने मान वळवली की क्षणभर सगळं सपाट व्हायचं, गालावरच्या सुरकुत्यांसकट. मान थांबली की वीण परत. हे डिस्कवर असंच असेल असं मी धरून चालले. मग भावाच्या जुन्या प्लेअरवर तोच सीन लावला, तर वीण हलतानाही शाबूत! घरी येऊन मेनू उलटापालटा केला तेव्हा ती खूण सापडली. फॅक्टरीतूनच चालू आलेली.

ग्रेन, म्हणजे फिल्मवरचा बारीक रवाळ पोत, ही चित्रावर साचलेली घाण नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. फिल्मवर प्रतिमा उमटते तीच चांदीच्या क्षारांच्या कणांमधून. म्हणजे चित्रच त्या कणांचं बनलेलं. ग्रेन पुसला की त्याच्याबरोबर त्वचा, कापड, भिंतीचा गिलावा हेही जातं. शिवाय दर फ्रेमला कणांची मांडणी वेगळी, सेकंदाला २४ वेळा. व्हिडिओ कॉम्प्रेशनची बरीचशी बचत 'मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं' यावर चालते आणि ग्रेनमध्ये तर सगळंच बदलतं, म्हणून तो डेटा खातो. डीव्हीडीवर व्हिडिओला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट प्रतिसेकंद मिळायचे. तिथे ग्रेन गेला किंवा त्याचे चौकोन झाले तर मी समजून घेते. पण ब्लू-रेवर ४० मिळतात आणि १०० जीबीच्या ४के डिस्कवर एकूण वेग शंभराच्याही पुढे जाऊ शकतो. एवढी ऐसपैस जागा हाताशी असताना कोणी चेहरे घासून गुळगुळीत करतं, तेव्हा माझं डोकं फिरतं.

आणि हे खरोखर घडलेलं आहे. 'ग्लॅडिएटर' २००९ साली ब्लू-रेवर आला तेव्हा सुरुवातीच्या लढाईतल्या एका शॉटमधले जळते बाण गायब झाले होते. सफाईच्या प्रक्रियेने ते फिल्मवरचे डाग समजून काढून टाकले. लोकांनी आरडाओरडा केला आणि पुढच्या वर्षी नवी डिस्क आली. 'प्रिडेटर'च्या २०१० च्या आवृत्तीतल्या मेणचट चेहऱ्यांबद्दल लोक अजून बोलतात. अशा डिस्कवर प्लेअरमधलं काहीही बंद केलं तरी उपयोग नाही. पुसलेलं परत येत नाही.

तिसऱ्या महिन्यात नॉइज रिडक्शन बंद, टीव्हीचा शार्पनेस शून्य आणि मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय) बंद करून मी सगळी वही नव्याने तपासायला घेतली. पंधरा-सोळा डिस्कचे गुण वर गेले. पण एका डिस्कला मी ९ दिले होते, 'काय धारदार चित्र आहे' असं लिहून. ती ५ वर आली. टीव्हीचा शार्पनेस काढल्यावर कडा खऱ्या किती आणि गिरवलेल्या किती ते कळलं. नायिका आकाशासमोर उभी आहे आणि खांद्याच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ चाललीय, कोणी खडूने गिरवल्यासारखी. ते एज एनहान्समेंट, म्हणजे डिस्क बनवतानाच कडा मुद्दाम ठळक करणं. आधी मी त्यालाच स्पष्टपणा म्हणत होते.

स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून डिस्क ठरवणाऱ्यांशी माझं आता पटत नाही. थांबवलेल्या फ्रेममध्ये ग्रेन खरखरीत आणि ओबडधोबड दिसतो. चालत्या चित्रात तोच डोळ्याला जिवंत पोत देतो. बँडिंग, म्हणजे धुक्यात किंवा संध्याकाळच्या आकाशात दिसणारे पट्टे, ते मात्र थांबवून बघावेत. खोक्यावरच्या ४के या आकड्यालाही भुलू नका. दोन हजारच्या दशकातल्या पुष्कळ सिनेमांचं अंतिम संस्करण २केमध्येच, म्हणजे ४केच्या निम्म्या रुंदी-उंचीत, झालेलं आहे, त्यामुळे त्यांची ४के डिस्क वाढवूनच बनवलेली असते. रंग आणि उजेडात फरक पडतो, तपशिलात फारसा नाही. असे सिनेमे माझ्याकडे ब्लू-रेवर असतील तर मी पुन्हा घेत नाही.

(जुन्या पाल (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) डीव्हीडी जपून ठेवल्या असतील तर एक बघा. २४ फ्रेमचा सिनेमा त्यांत २५ ने पळतो. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. लहानपणापासून कानात बसलेलं एक गाणं ब्लू-रेवर मला चक्क खालच्या पट्टीत ऐकू आलं. चूक डीव्हीडीचीच होती.)

आता दुरुस्तीचं. पाचव्या महिन्यापासून तीन थरांच्या, म्हणजे १०० जीबीच्या, डिस्क मध्येच अडकायला लागल्या. सर्व्हिसवाल्यांचं एकच पालुपद: 'मॅडम, डिस्क खराब आहे.' भावाकडे तीच डिस्क विनातक्रार चालतानाचा व्हिडिओ दाखवला तेव्हा प्लेअर ठेवून घेतला. परत आला, पुन्हा अडकला. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी तिसऱ्या फेरीत लेझर युनिट बदललं, वॉरंटीत. प्रामाणिकपणे सांगायचं तर अडकणाऱ्या चार डिस्कपैकी एकीवर माझ्याच अंगठ्याचा ठसा होता. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली आणि ती चालली. उरलेल्या तिन्ही मात्र लेझर बदलल्यावरच चालल्या. नॉइज रिडक्शन आपोआप चालू होतं हे मी तिन्ही वेळा लेखी दिलं. 'तो फॉल्ट नाही, फीचर आहे,' एवढंच उत्तर मिळालं.

तरीही हा प्लेअर मी विकणार नाही. ती खूण बंद असताना याच्याइतकं शांत, हात न लावलेलं चित्र मी घरी आजवर पाहिलेलं नाही. घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी मेनूत जावं आणि प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा जावं.

परवा रात्री खूण बंद करून म्हाताऱ्याचा तोच क्लोजअप लावला. त्याने मान वळवली आणि कोटाची वीण मानेबरोबर वळली, एकही धागा न हरवता. सीन संपेपर्यंत पडद्याच्या कोपऱ्यात 'नवीन अपडेट उपलब्ध' अशी पट्टी आली. मी 'नंतर' दाबलं आणि सिनेमा पुढे चालू ठेवला.