चार दुखणी, एक डॉक्टर, एक वही: सासूबाईंच्या एकत्र तपासणीचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या सासूबाईंना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे झिजलेत आणि अलीकडे क्रिएटिनिनही (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वर सरकायला लागलं होतं. प्रत्येक दुखण्याला वेगळा डॉक्टर होता आणि प्रत्येक जण आपापल्या परीने चांगलाच होता. तरी सासूबाई कायम थकलेल्या. पहाटे उठताना घेरी यायची, दुपारच्या जेवणाआधी दरदरून घाम सुटायचा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही हे सगळं एका हाती दिलं. गोव्यात डिचोली तालुक्यात आमच्या घराजवळ जे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तिथल्या डॉक्टरबाईंच्या हाती. दर तीन महिन्यांनी निवांत तपासणी, मधल्या महिन्यांत नर्सकडे बीपी, शुगर आणि गोळ्या, आणि सगळ्याची नोंद एकाच वहीत. स्पेशालिस्ट सुटले नाहीत, पण त्यांचं सांगणं आता या एका टेबलावरून पुढे जातं.

फरक कुठे पडला ते आधी सांगते, कारण मला स्वतःला तो औषध वाढवण्यात पडेल असं वाटलं होतं. तो औषध कमी करण्यात पडला.

पहिल्या भेटीत बाई म्हणाल्या, "आजी, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या घेऊन या. बंद केलेल्यासुद्धा. चूर्णं, तेलं, दुकानातून सहज आणलेली दुखीची गोळी, सगळं." पुढच्या वेळी कापडी पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली. बाईंनी पाकिटावरचं मोठं नाव वाचलंच नाही. पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचत त्या ढीग लावत गेल्या. दोन वेगळ्या रंगांच्या, वेगळ्या नावांच्या पट्ट्या एकाच ढिगात गेल्या. दोन्हींत टेल्मिसार्टन हे बीपीचं औषधच होतं. एक बीपीच्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं आधीच्या एका डिस्चार्ज कागदावरचं. सासूबाई रोज दोन्ही घेत होत्या, कारण दोन्ही कागदांवर लिहिलेलं होतं.

मग लघवीची गोळी हातात आली. ती कशासाठी? पायांवर सूज येते म्हणून. सूज कधीपासून? बाईंनी जुने कागद तारखेप्रमाणे लावले. सूज आली होती ती बीपीसाठी अम्लोडिपिन वाढवल्यानंतर. अम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येऊ शकते, ही जुनी माहितीतली गोष्ट आहे. म्हणजे एका गोळीचा परिणाम नवा आजार धरला गेला आणि त्यावर दुसरी गोळी चालू झाली. त्यात भर गुडघ्यांसाठी मिळालेल्या डायक्लोफेनॅकची. टेल्मिसार्टनसारखं औषध, लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाला ताण पडतो. वयस्कर माणसाचं क्रिएटिनिन आधीच वर असेल तर ते अचानक बिघडूही शकतं. लिहिणाऱ्या तिघांचंही आपापल्या जागी चुकलं नव्हतं. तिन्ही कागद एकत्र ठेवून पाहणारं मात्र कोणी नव्हतं.

बाईंनी सगळं एका झटक्यात बंद केलं नाही. दुहेरी टेल्मिसार्टन आणि डायक्लोफेनॅक आधी थांबवलं, दुखीसाठी पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं मलम दिलं. काही दिवसांनी रक्त तपासून मग अम्लोडिपिन निम्मं केलं. सूज उतरल्यावर लघवीची गोळी गेली. प्रत्येक बदलामागे वहीत तारीख, कारण आणि पुढची तपासणी लिहिलेली. हे वाचून कोणी घरच्या घरी गोळ्या काढू नयेत, एवढं कळकळीने सांगते. यातली एखादी गोळी दुसऱ्या माणसाला जीवनावश्यक असते, आणि हृदयाच्या पेशंटची लघवीची गोळी काढणं महागात पडू शकतं.

शुगरचीही गोष्ट अशीच. सासूबाईंचं एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, साडेसहाच्या आसपास होतं आणि आम्ही सगळे खूश होतो. बाई खूश नव्हत्या. या वयात, ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालू असताना एवढं कमी म्हणजे अधूनमधून शुगर खूप खाली जात असणार, असं त्यांचं म्हणणं. जेवणाआधीचा घाम तोच होता. गोळी कमी केली, आकडा आता साडेसातच्या आसपास असतो, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. एकादशी आणि श्रावणी सोमवारी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे वेगळ्या पानावर लिहून दिलंय. उलट्या-जुलाब झाले तर कोणत्या गोळ्यांबद्दल लगेच फोन करायचा, तेही. पायांच्या मुंग्या मधुमेहाच्याच समजत होतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी खूप वर्षं घेतली की बी-बारा जीवनसत्त्व कमी होऊ शकतं म्हणून तपासलं, ते खरंच कमी निघालं, इंजेक्शनं झाली. मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत, पण रात्रीची झोप लागते.

बीपीचं मशीन घरी होतंच. वापरायची रीत बदलली. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, बोलायचं नाही, दंडाच्या मापाचा पट्टा, मिनिटभराच्या अंतराने दोनदा. आणि उभं राहिल्यावर पुन्हा एकदा. पहाटेची घेरी या उभ्याच्या मापात पकडली गेली. बसून १३८ असलेला वरचा आकडा उभं राहताच ११४ वर यायचा. वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, आणि हे माप त्याआधी कुठल्याच दवाखान्यात घेतलं गेलं नव्हतं.

सुरुवातीच्या एका भेटीत बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला होता: "आजी, तुम्हाला सगळ्यात जास्त अडतं कशाने?" मला वाटलं, शुगर म्हणतील. सासूबाई म्हणाल्या, "पालखीला देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत गो." वहीच्या पहिल्या पानावर पहिलं उद्दिष्ट म्हणून बाईंनी हेच लिहिलं, एचबीएवनसी त्याच्या खाली. खुर्चीत बसून करायचे मांड्यांचे व्यायाम नर्सने शिकवले. पायऱ्या त्या अजून थांबत थांबत चढतात, पण चढतात.

या पद्धतीचा मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये झालाय. थ्रीडी नावाचा, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. ३३ दवाखाने, १,५४६ पेशंट, प्रत्येकाला तीन किंवा अधिक दीर्घकालीन आजार. दर सहा महिन्यांनी एकत्र तपासणी, सुरुवात पेशंटच्या स्वतःच्या काळजीपासून, औषधांची छाननी आणि उदासीची विचारपूस. निकाल प्रामाणिक आहे: पंधरा महिन्यांनी जीवनमानाच्या गुणांत फरक दिसला नाही, पण आपली काळजी माणूस म्हणून आणि जोडून घेतली जाते, असं पेशंटांना स्पष्ट जाणवलं. काही जण हा निकाल अपयश म्हणून वाचतात. मला तसं वाटत नाही. ज्या बाईचं म्हणणं कुणीच नीट ऐकून घेतलं नव्हतं, तिचं कुणीतरी ऐकतंय, हीसुद्धा उपचारात मोजायची गोष्ट आहे. आमच्याकडे तर घाम आणि घेरीही कमी झाली.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सगळ्यात मोठी ही की हे सगळं एका माणसावर उभं आहे. बाई मध्ये रजेवर गेल्या तेव्हा बदली डॉक्टरांकडे एवढा वेळ नव्हता, आणि त्यांचा दोषही नव्हता, बाहेर रांग दारापर्यंत होती. वहीमुळे गाडी रुळावर राहिली. बदली झाली तर काय, याचं उत्तर कुणाकडे नाही. पेशंटच्या आजारांच्या संख्येप्रमाणे तपासणीची वेळ ठरली पाहिजे, आणि ती डॉक्टरांच्या चांगुलपणावर सोडू नये, असं माझं ठाम मत झालंय.

दुसरं, मोठ्या इस्पितळातून माहिती परत येत नाही. डोळ्यांची तपासणी झाली, कागदावर संक्षिप्त अक्षरं आली, ती बाईंपर्यंत पोहोचवण्याचं काम आमचं. आभा क्रमांक (आरोग्याच्या नोंदी जोडणारा सरकारी क्रमांक) काढलेला आहे, चौदा आकडी, पण अजून कागदांची फाईल काखेत घेऊनच फिरावं लागतं. गोळ्या केंद्रात फुकट मिळतात ही मोठी सोय, मात्र कंपनी बदलली की पट्टीचा रंग बदलतो आणि सासूबाई गोंधळतात. आता मी प्रत्येक नव्या पट्टीवर मार्करने औषधाचं मूळ नाव मराठीत लिहिते. दीनदयाळ कार्डाचा, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचा, आधार आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाख, पण तो इस्पितळात भरती झाल्यावरचा. भरतीची वेळ येऊ नये म्हणून लागणारा डॉक्टरांचा अर्धा तास कुठल्याच कार्डात बसत नाही.

आहाराच्या सल्ल्यालाही मी कमी गुण देईन. छापील कागदावर ओट्स आणि सॅलड. आमच्याकडे सकाळची पेज, पोई (गोव्याचा पाव) आणि पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी मासळी. बीपीवाल्याने खारा बांगडा किती खावा, पेजेसोबत लोणच्याऐवजी काय घ्यावं, हे नर्सने तोंडी सांगितलं तेव्हा कुठे घरात काही बदललं. ते कागदावर यायला हवं. उदासीबद्दल दोन प्रश्न विचारले गेले, उत्तरं "हो" आली, पण समुपदेशनाची सोय जवळपास नाही. तिथे आम्ही अजून अडलेलो आहोत.

आणि वही, फेऱ्या, उभ्याचं बीपी, मार्कर हे सगळं घरातल्या बाईकडे येतं. माझी नोकरी अर्धवेळ म्हणून जमलं. ज्यांच्या घरी म्हातारा-म्हातारी दोघंच आहेत, त्यांच्यासाठी आशाताईंनी किंवा नर्सने घरी जाऊन पिशवी तपासणं हाच मार्ग दिसतो.

तरीही मी हे चालू ठेवणार आणि तुम्हालाही करायला सांगेन. आपल्या केंद्रात गर्दीचा वार कोणता ते विचारा आणि तो टाळून वेळ मागा. पिशवी पूर्ण न्या. चालू औषधांची, मूळ नावांची यादी डॉक्टरांकडून सही-तारखेसह करून घ्या आणि एक प्रत फ्रीजवर चिकटवा, म्हणजे १०८ बोलवायची वेळ आली तर कुणाला पिशवी शोधत बसावं लागणार नाही.