टीटीचा ग्लू म्हणून सुतारी गम गळ्यात मारला, ब्लेड गेलं

सांगायला लाज वाटतेय पण सांगतो, कारण अजून तीनचार जण त्याच माणसाकडून घ्यायच्या बेतात आहेत असं कानावर आलं. टेबल टेनिसच्या (टीटीच्या) बॅटवर रबर चिकटवायचा ग्लू म्हणून मी जी बाटली घेतली त्यात सुतार वापरतात तो पांढरा गम निघाला, पाणी घालून पातळ केलेला. आणि हे कळलं कधी, तर ब्लेडचं, म्हणजे बॅटच्या लाकडी फळीचं, वरचं लाकूड रबरासोबत सोलून हातात आल्यावर.

नवीन लोकांसाठी थोडं मागचं सांगतो. पूर्वी स्पीड ग्लू असायचा, सॉल्व्हंटवाला, मॅचच्या आधी ताजा लावायचा, रबराखालचा स्पंज फुगायचा आणि बॉल मारला की तो टक्क आवाज यायचा. त्याची वाफ तब्येतीला वाईट म्हणून आयटीटीएफने (टीटीची आंतरराष्ट्रीय संघटना) 2008 च्या सप्टेंबरपासून, म्हणजे बीजिंग ऑलिम्पिक झाल्या झाल्या, तो बंद केला आणि तेव्हापासून सगळे वॉटर बेस्डवर आले. पण त्या आवाजाची हाव काही गेली नाही (माझीपण नाही), आणि विकणारा बरोबर तिथेच हात घालतो.

तर हा माणूस एका ग्रुपवर भेटला. स्वतःला जुना खेळाडू म्हणवणारा, बोलायला एकदम गोड. म्हणे दादा, माझ्याकडे मोठा कॅन येतो, त्यातनं छोट्या बाटल्या भरून देतो, वास नाही, सॉल्व्हंट नाही, रॅकेट टेस्टिंगला (स्पर्धेत बॅट नियमात आहे का ते तपासतात) अडकायचं टेन्शन नाही आणि आवाज मात्र स्पीड ग्लूचा. डोकं ठिकाणावर असतं तर मी तिथेच थांबलो असतो. स्पीड ग्लूचा आवाज यायचा तो सॉल्व्हंटने स्पंज फुगून रबर ताणलं जायचं म्हणून, वॉटर बेस्डने तसा स्पंज फुगत नाही, मग आवाज येणार कुठनं? बरं समजा त्याने खरंच काहीतरी फुगवणारं घातलं असेल, तर ते नियमात बसत नाही, रबर आहे तसंच वापरायचं, कुठलीही केमिकल ट्रीटमेंट चालत नाही, स्पंज फुगवायला लावतात तो बूस्टरसुद्धा त्यातच आला. म्हणजे तो खरं बोलत असता तरी माल नियमाबाहेरचा, आणि खोटं बोलत असेल तर मी मूर्ख. दुसरं निघालं.

बाटलीवर आयटीटीएफचा लोगो असलेलं स्टिकर होतं, त्यालाही मी भुललो. अहो तो लोगो बघायचा असतो रबरावर, हँडलजवळ, तिथे कंपनीचं नाव वगैरे रबरातच उठलेलं असतं. बाटलीवर काय, कोणीही प्रिंट काढून चिकटवेल. झाकणाला सीलपण नव्हतं, तर म्हणाला कॅनमधनं भरलंय ना, सील कसं असेल. पटलं मला!

आता लावतानाची गोष्ट. आपले बरेचसे टीटी ग्लू लॅटेक्सचे असतात, बाटली उघडली की अमोनियासारखा उग्र भपका येतो. याला तसलं काही नाही, किंचित आंबूस वास. मी उलट खूश, म्हटलं बघा, वास नाही म्हणाला होता. लावला तेव्हा दुधासारखा पांढरा, वाळल्यावर पारदर्शक, म्हणजे सगळं बरोबर. पण पांढरा गमसुद्धा अगदी असाच वाळतो आणि नुसतं बघून फरक कळत नाही, माणूस इथेच फसतो. स्पंजला दोन हात, ब्लेडला एक हात, दोन्ही बाजू पूर्ण वाळू दिल्या, हँडलकडनं रबर ठेवत लाटणं फिरवत गेलो. खरा ग्लू इथे एकदम पकडतो, वाकडं बसलं तर परत सोडवून ठेवावं लागतं इतका. हे मात्र नुसतं टेकलं. तरी कडा कापल्या आणि गेलो खेळायला, तर दुसऱ्याच दिवशी फोरहँड टॉपस्पिन मारताना कड उचलली, बोट घालून बघतो तर अर्धं रबर मोकळं.

फोन केला तर साहेब म्हणतात, तुम्ही जास्त वाळवलंत, अजून दोन हात मारा, ओलं असतानाच चिकटवा आणि रात्रभर वर पुस्तकांचं वजन ठेवा. हे ऐकून तरी ट्यूब पेटायला हवी होती. टीटीचा ग्लू वाळल्यावरच चिकटवतात, कारण रबर आणि लाकूड यांच्यामध्ये पाणी कोंडलं की ते मुरणार लाकडातच, दुसरीकडे जाणार कुठे. शिवाय रबर, स्पंज आणि ग्लू सगळं धरून 4 मिमीच्या आत बसवावं लागतं, मॅक्स जाडीच्या स्पंजवर असे थर चढवत बसलात तर तिथेपण गोची. पण मी केलं. आणि खरंच चिकटलं हो, असं चिकटलं की काय सांगू. फक्त आवाज टक्कच्या जागी ठप्प यायला लागला आणि बॅट हातात लाकडी फळीसारखी कडक वाटायला लागली.

महिन्याभराने रबर काढायला बसलो. कोपऱ्यातनं हळूहळू सोडवत होतो, आधी स्पंजचे तुकडे ब्लेडवर राहायला लागले, मग कर्रर्र आवाज आला आणि वरच्या प्लायची, म्हणजे लाकडाच्या थराची, दोन बोटं रुंद पट्टी रबरासोबत निघून आली. ब्लेडला लॅकर (लाकूड सोलू नये म्हणून मारायचं वार्निश) मारलं नव्हतं ही माझी चूक, मान्य. पण बरोबर तेवढंच धरून तो बसला, लॅकर नाही म्हणजे तुमचीच चूक, मग म्हणे रबर डुप्लिकेट असेल, मग ब्लॉक.

नंतर क्लबमधल्या एका काकांनी उरलेली बाटली बघितली आणि दोन मिनिटांत निकाल लावला. म्हणजे दोन मिनिटं आणि वाळायला लागला तो वेळ. त्यांनी प्लास्टिकच्या जुन्या फाइल कव्हरवर दोन ठिपके दिले, एक त्यांच्या ग्लूचा, एक माझ्या. वाळल्यावर बोटाने चोळलं तर त्यांचा ठिपका गुंडाळत गेला, रबरबँडसारखा ताणला जात होता, दुमडल्यावर स्वतःलाच चिकटला. माझा एक पापुद्रा म्हणून निघाला, ताणला तर तुटला, दुमडला तर परत उघडला, आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर पांढरट होऊन बुळबुळीत झाला. काका म्हणाले, अरे हा तर खुर्च्या दुरुस्त करायचा गम आहे, याने रबर काय चिकटवतोस.

तेव्हा सुटी भरून दिलेली बाटली कोणी देत असेल तर आधी हे ठिपक्याचं करून बघा, नाहीतर सरळ सीलबंद घ्या, लहान घ्या पाहिजे तर. आणि नवीन ब्लेड असेल तर पहिल्यांदा लॅकरचा एक पातळ हात मारा, ग्लू कुठलाही असो.

बाटली मी टाकली नाही. घरात एका स्टुलाचा पाय कधीचा डुगडुगत होता, तो त्याच ग्लूने चिकटवला. अजून हललेला नाही.