बादलीवरचा सायक्लोन: घरच्या टूल टेबलाला जोडायच्या लायकीचा आहे का?

काळ्या किंवा पारदर्शक प्लास्टिकचं नरसाळं, बाजूला एक तोंड, वर एक तोंड, खाली बोल्टांची चकती. अमेरिकेतल्या ओनायडा कंपनीच्या ‘डस्ट डेप्युटी’च्या धाटणीचे हे बिननावाचे सायक्लोन, म्हणजे लाकूडकामाचा भुसा व्हॅक्यूमपर्यंत पोचण्याआधीच वेगळा करणारी नरसाळी, आता ऑनलाइन सहज मिळतात. किंमत चांगल्या १८ मिमी प्लायच्या एका शीटच्या आसपास. टेबल सॉ (टेबलात बसवलेली करवत), राउटर (खाचा आणि कडा कोरणारं यंत्र) आणि सँडर (घासाईचं यंत्र) एकाच टेबलाभोवती आणून त्यांना घरगुती ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर जोडायचा विचार असेल, तर हे परीक्षण त्यासाठी आहे. निकाल आधीच सांगतो: नरसाळं पैसे वसूल करतं. ‘सायक्लोन लावूनही काही फरक पडला नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा घोळ बहुतेक वेळा खालच्या बादलीत, पाइपात नाहीतर टेबलाच्या खोक्यात असतो.

नरसाळ्याचं काम साधं आहे. बाजूच्या तोंडातून हवा भिंतीला लगटून आत येते आणि गरगर फिरते. जड कण भिंतीला घासत बादलीत उतरतात, हलकी हवा मधल्या नळीतून वर व्हॅक्यूमकडे जाते. करवतीचा भुसा, राउटरची कणी, प्लायचा चुरा हे जवळजवळ सगळं बादलीत पडतं. त्यामुळे व्हॅक्यूमचा फिल्टर चोंदत नाही आणि त्याची ओढ तासभर कामानंतरही टिकून राहते. फायदा एवढाच, पण तो मोठा आहे. सँडिंगची पिठासारखी धूळ, विशेषतः एमडीएफची (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेल्या फळीची), नरसाळ्याला बरीचशी हूल देऊन फिल्टरपर्यंत पोचते. म्हणजे सायक्लोन फिल्टरला वाचवतो, फुप्फुसांना नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच पहिल्या गटात नोंदवून ठेवलं आहे. तेव्हा व्हॅक्यूमला हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणारा) फिल्टर आणि नाकाला मास्क, दोन्ही लागणारच.

आता बादली. परीक्षणात सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. रंगाची रिकामी २० लिटरची बादली सगळे वापरतात, फुकट असते म्हणून. पाइप कुठे तुंबला की व्हॅक्यूम आपली पूर्ण ओढ बादलीवर काढतो. चांगल्या व्हॅक्यूमची ओढ २० किलोपास्कलच्या घरात असते. २८ सेंमी व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे ६१५ चौरस सेंमी, म्हणजे झाकणावर बाहेरच्या हवेचा सव्वाशे किलोचा दाब. झाकण आत जातं, बादलीच्या कडा चेपतात, आणि एकदा चेपलेली बादली पुन्हा हवाबंद होत नाही. उपाय तीन. झाकणाला आतून आणि बाहेरून १२ मिमी प्लायच्या चकत्या लावून त्यांच्यातून नरसाळ्याचे बोल्ट घ्यायचे. एका बादलीत दुसरी बादली घालायची, म्हणजे भिंत दुप्पट जाड होते. आणि जमलं तर प्लास्टिक सोडून पत्र्याचं लहान पिंप घ्यायचं, त्यात जागाही जास्त मिळते.

गळती हा दुसरा शत्रू, आणि तो दिसत नाही. बादलीच्या झाकणाखाली सुईएवढं भोक असलं तरी तिथून शिरलेली हवा खाली पडलेला भुसा पुन्हा उचलून सरळ व्हॅक्यूममध्ये नेते. नरसाळ्याच्या चकतीखाली येणारं रबर पातळ असेल तर ते काढून ५ मिमीची फोम टेप लावा आणि बोल्टांभोवती सिलिकॉन फिरवा. तपासणीसाठी उदबत्ती पुरते. बादली रिकामी असताना नरसाळ्याचं बाजूचं तोंड तळहाताने अर्धवट झाका, व्हॅक्यूम चालू करा आणि उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे गळती. भुसा भरलेला असताना हा प्रयोग करू नका, उघड आहे. बादली पाऊण भरली की रिकामी करा. त्यापुढे भुसा भोवऱ्याच्या टोकाला लागतो आणि वर चढायला लागतो. बादलीच्या उभ्या बाजूवर पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी बसवली तर झाकण न उघडता अंदाज येतो.

पाइपाबाबत मात्र बहुतेक जण उलटं करतात. हार्डवेअरच्या दुकानात ११० मिमीचा सांडपाण्याचा पाइप स्वस्त मिळतो, म्हणून टेबलाखालून तोच फिरवतात. व्हॅक्यूम मिनिटाला साधारण १०० घनफूट हवा ओढतो. ही हवा ५० मिमी आतल्या व्यासाच्या पाइपातून गेली तर वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर पडतो. तीच ११० मिमीच्या पाइपातून, म्हणजे सुमारे १०० मिमी आतल्या व्यासातून, गेली तर वेग ६ मीटरवर येतो. भुसा आडव्या पाइपात खाली बसू नये म्हणून २० मीटरच्या आसपास वेग लागतो. म्हणजे मोठ्या पाइपात भुसा बसत जाणार आणि महिन्याभरात पाइप अर्धा भरणार. व्हॅक्यूमला ५० मिमीच पाइप, तोही जमेल तितका आखूड आणि सरळ. काटकोनी एल्बो शक्यतो नको. वळण दोन ४५ अंशांचे तुकडे जोडून घ्या आणि फाटा टी ऐवजी वाय घालून काढा. सायक्लोनची तोंडं खरेदीआधी मोजून घ्या. बिननावाच्या मालात बाहेरचा व्यास ४८ ते ५२ मिमीमध्ये कुठेही असू शकतो. मापात थोडा फरक असेल तर पाइपाचा तुकडा गरम पाण्यात बुडवून चढवता येतो. वर जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पत्र्याची पट्टी) आवळा. एम-सील लावलं तर पुढे उघडताना तोडावं लागतं.

११० मिमीचा पाइप एक-दीड हॉर्सपॉवरच्या खऱ्या डस्ट कलेक्टरसाठी असतो. त्या कलेक्टरची ओढ कमी, पण हवा कितीतरी जास्त. प्लेनरच्या (यंत्ररंध्याच्या) सोलपटासाठी तो घ्यावाच लागतो. रंधा मारल्यासारखी लांब सालं या सायक्लोनच्या ५० मिमी तोंडात अडकून बसतात, आणि मग बादलीचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. प्लेनर असेल तर हा सायक्लोन त्याला जोडायच्या फंदात पडू नका.

टेबल दोन शीटमध्ये होतं. २४४० बाय १२२० मिमीच्या १८ मिमी प्लायच्या एका शीटमधून १२२० बाय ८०० चे दोन तुकडे कापा. फेव्हिकॉल लावून एकमेकांवर बसवा आणि खालून दर १५० मिमीला ३० मिमीचे स्क्रू मारा. ३६ मिमी जाडीचा सपाट माथा मिळतो. दुसऱ्या शीटमधून बाजू, मधलं कप्पे पाडणारं फळकूट आणि तळ. ब्रेकवाल्या चाकांसकट उंची ८६० मिमी ठेवली तर सॉ आणि राउटर दोन्हींवर उभं राहून काम करता येतं. प्लाय आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) ग्रेड पुरे. कोकणात किंवा पावसाळ्यात दमट राहणाऱ्या खोलीत मात्र माथ्याच्या दोन्ही बाजू आणि कडा सारख्याच सील करा. एकाच बाजूला सनमायका लावलेलं फळकूट जुलैत हमखास वाकतं, आणि टेबल वाकलं की सॉचा माथा त्याच्याशी गुण्यात राहत नाही.

सॉ टेबलाच्या मधल्या कप्प्यात, त्याच्या पायांऐवजी आतल्या फळीवर बोल्टने बसवा. मागचा माथा सॉच्या माथ्यापेक्षा अर्धा ते एक मिमी खाली ठेवा, नाहीतर लाकूड पुढे ढकलताना कडेला अडकतं. मायटर गेजची (लाकूड ठरलेल्या कोनात ढकलायच्या सरकत्या मापाची) पट्टी पात्याच्या पुढे येते, म्हणून सॉच्या खाचांच्या रेषेत मागच्या माथ्यातही खाचा काढाव्या लागतात. हे विसरलं की टेबल झाल्यावर पुन्हा राउटर हातात घ्यावा लागतो.

सॉखालचा कप्पा पूर्ण हवाबंद करायचा मोह होतो, पण तिथेच गणित चुकतं. हवा आत यायला वाट नसेल तर व्हॅक्यूम काही ओढूच शकत नाही. पात्याच्या खाचेतून थोडी हवा येते, पण ती पुरत नाही. कप्प्याच्या मागच्या भिंतीत पाइपाच्या क्षेत्रफळाएवढी, ५० मिमी पाइपासाठी सुमारे २० चौरस सेंमीची, फट ठेवा. कप्प्याचा तळ सपाट नको. तो ४५ अंशांत पाइपाच्या तोंडाकडे उतरता करा आणि त्यावर सनमायका लावा, म्हणजे भुसा घसरतो. सॉला स्वतःचं पात्याभोवतीचं आवरण आणि धुळीचं तोंड असेल तर पाइप थेट त्यालाच जोडा आणि कप्पा फक्त उरलेल्या भुशासाठी ठेवा. पाते तिरकं करण्यासाठी मागे मोठी फट असते, तिला पुठ्ठ्याचा तुकडा चुंबकाने चिकटवला तरी चालतो.

तोंडावर उडणारी धूळ मात्र पात्याच्या वरची असते. तिला टेबलाखालचा कोणताही सायक्लोन पकडत नाही. पात्यावरच्या गार्डला पाइप जोडता येत असेल तर जोडा, पण लक्षात ठेवा, एका व्हॅक्यूमची १०० घनफूट हवा दोन ठिकाणी वाटली की दोन्हीकडे अर्धीच मिळते. म्हणून प्रत्येक फाट्यावर झडप हवी आणि एका वेळी एकच उघडी. ६ मिमी अॅक्रिलिकची सरकती पट्टी दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये बसवून झडप घरी होते. पट्टीची खाच शेवटी बंद ठेवू नका, आरपार काढा. बंद खाचेच्या टोकाला भुसा साचतो आणि झडप पूर्ण बंद होत नाही.

राउटरसाठी २३५ बाय १२० बाय ८ मिमीची अॅल्युमिनियम प्लेट सोपी पडते, ६ मिमी कॉलेटचे (बिट पकडणाऱ्या चिमट्याचे) ट्रिमर, म्हणजे लहान राउटर, त्यात बसतात. धूळ फेन्सच्या (लाकूड टेकवायच्या आडपट्टीच्या) मागून, बिटाच्या अगदी पाठीशी ओढा. खालून ओढलेली कमी पडते. या टेबलावर व्हॅक्यूमची ओढ सगळ्यात चांगली लागू पडते ती इथे आणि १२५ मिमीच्या गोल सँडरवर, कारण दोन्हींची धुळीची तोंडं लहान असतात.

आपल्याकडचा लाडका जुगाड म्हणजे ४ इंची मार्बल कटर उलटा करून प्लायच्या टेबलात बसवायचा. साइटवर सुतार हेच करतात आणि स्वस्तही पडतं. पण त्याला धुळीचं तोंड नाही, पात्यामागे रायव्हिंग नाइफ (कापलेलं लाकूड पात्याला आवळू न देणारी पट्टी) नाही, फेरे मिनिटाला बारा-तेरा हजार. धूळ वर, समोर आणि खाली सगळीकडे उडते. त्याच्याभोवती सायक्लोनचा पैसा घालणं म्हणजे फुटक्या माठाला नवं झाकण. अँगल ग्राइंडर तर या पाइपाला कधीच जोडू नका. धातू कापताना उडणारी एक ठिणगी बादलीतल्या कोरड्या भुशात गेली तर आत धुमसत राहते आणि बाहेरून कळतही नाही. जवसाच्या तेलाने पुसलेल्या चिंध्याही त्या बादलीत टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात.

वीज. १८०० वॅटचा सॉ म्हणजे सुमारे ८ अँपिअर, १२०० वॅटचा व्हॅक्यूम म्हणजे सव्वापाच. दोन्ही मिळून १३, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटवर आणि साध्या एक्स्टेन्शनवर जमत नाही. १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं बटण), आणि व्हॅक्यूम आधी चालू, सॉ दोन-तीन सेकंदांनी. एकदमच चालू केले तर सुरुवातीच्या झटक्यात एमसीबी पडू शकते. टूल लावलं की आपोआप चालू होणारे व्हॅक्यूम सोयीचे असतात, पण त्यांच्या सॉकेटवर कमाल किती वॅट चालतात ते आधी बघा, सॉ त्यात बसेलच असं नाही.

घ्यायचाच असेल तर नरसाळं जाड भिंतीचं, आतून गुळगुळीत असलेलं बघा. जोडरेषेवर प्लास्टिकची कड आत आलेली असेल तर ती काचकागदाने घासून काढा, भुसा तिथेच चिकटून बसतो. पारदर्शक मॉडेल दिसायला छान असतात, पण हाताळताना लवकर तडकतात. कोरड्या हिवाळ्यात प्लास्टिकला हात लावला की झटका बसतो. उघडी तांब्याची तार पाइपाभोवती गुंडाळून अर्थिंगला जोडली की तो जातो आणि बाहेर चिकटलेली धूळही कमी होते.

बादली रिकामी करताना आत प्लास्टिकची पिशवी लावायचा प्रयत्न फसतो, ओढीने ती वर चढून नरसाळ्याचं तोंड बंद करते. बादली थेट गोणीत, गॅलरीत वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून, मास्क लावून उलटी करा. निव्वळ लाकडाचा भुसा कंपोस्टात जातो. प्लाय आणि एमडीएफचा मात्र वेगळ्या गोणीत भरा, त्यात गोंद असतो, तो कुंडीत घालायचा नाही.